गंज, पितळी, नग एक

लोखंडाला गंज चढतो आणि माणसाला हुद्दा; दोन्ही बसल्या जागीच चढतात. म्हणून बसून राहिलेल्या लोखंडाची निगा राखायला बसून राहणारा माणूस नेमावा, हे कुठल्याही शहाण्या कारभाराचं पहिलं तत्त्व मानलं जातं.

या तत्त्वानुसार संरक्षण पथकाच्या शस्त्रकोठीत बारा बंदुका आणि एक काका ठेवलेले होते. काकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत कोठीतल्या बंदुकांमधून एकंदर तीन गोळ्या सुटल्या: एक सलामीची, एक चुकून, आणि एक सुटलीच नाही (ती धरायची की नाही, यावर पत्रव्यवहार चालू आहे). पण बंदुका अशा लखलखीत, की तपासणीला आलेले साहेब दस्त्यावरच्या पट्टीत बघून भांग सारखा करत. निवृत्तीला चार महिने उरले होते. सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. ‘निष्कलंक सेवा’ असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र घेऊन मान वर करून घरी जावं, एवढीच काकांची इच्छा होती.

नियमाप्रमाणे बंदुकांचं तेल मुख्य कचेरीकडून येतं. मागणीपत्र पाच प्रतींत जातं आणि चौदा महिन्यांनी एक बाटली येते. गेल्या खेपेच्या बाटलीचं झाकण गंजून असं बसलं होतं, की ती अखेरपर्यंत उघडलीच नाही. काकांनी ती कपाटात जपून ठेवली (तिच्या झाकणाला ते दर आठवड्याला घरगुती तेल लावत).

हे घरगुती तेल म्हणजे काकांची खरी पुण्याई. मनाचा गंज नामस्मरणानं जातो, यात शंका नाही. नळीतल्या गंजाला मात्र रॉकेल लागतं. रॉकेल, टर्पेंटाइन, मोटारीचं तेल आणि अंदाज, असे या तेलाचे चार घटक. पैकी अंदाज सर्वांत महत्त्वाचा, आणि तो दुकानात मिळत नाही. या मिश्रणाच्या वासानं डास मरत आणि तपासनीस लवकर उठून जात, हे दोन फायदे वेगळेच.

मिश्रण करायला भांडं हवं होतं. बावीस वर्षांपूर्वी काकांनी बायकोचा माहेरून आलेला पितळी गंज दोन दिवसांसाठी म्हणून नेला. (गंज म्हणजे उभट, मोठं भांडं. लोखंडावर चढतो तो गंज निराळा. आपली भाषा काटकसरी. एकाच शब्दाकडून दोन कामं करून घेते.) तिसऱ्या दिवशी साठ्याची मोजदाद झाली आणि नोंदवहीत ओळ पडली: ‘गंज, पितळी, नग एक.’ नोंद झाली की वस्तू सरकारची. तेव्हापासून घरात रोज एकच संवाद.

“अहो, माझा गंज?”

“बंदोबस्तावर आहे.”

यंदा मुख्य कचेरीनं नवा तक्ता पाठवला. त्यात एक रकाना होता: ‘शस्त्रकोठीत गंज आहे काय? असल्यास तपशील.’ कचेरीतले कारकून भाऊसाहेब कामाला चोख. त्यांनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘आहे. एक. मोठा. बावीस वर्षांपासून.’

मुख्य कचेरी हादरली. आठ दिवसांत उत्तर आलं (हा विक्रम समजला जातो): ‘बावीस वर्षे एवढा मोठा गंज दुर्लक्षित राहावा, ही बाब अत्यंत गंभीर आहे. तो सात दिवसांत समूळ काढून टाकून दाखला सादर करावा. अन्यथा कोठीप्रमुखाच्या सेवापुस्तकात शेरा मारण्यात येईल.’

काका पत्र घेऊन साहेबांकडे धावले. “साहेब, गंज म्हणजे भांडं आहे हो. माझ्या बायकोचं.”

“मला कळतंय की काका,” साहेब म्हणाले. “पण वरच्यांना कळलं नाही, असं मी कुठल्या तोंडानं लिहू?”

“मग त्याला पातेलं म्हणा.”

“पातेलं स्वयंपाक विभागाकडे येतं. शस्त्रकोठीला मंजूर नाही.”

“बादली?”

“सफाई विभाग.” साहेबांनी पत्राची घडी घातली. “एकतीस वर्षं डाग नाही तुम्हाला. आता एका भांड्यापायी लावून घेता?”

सातव्या दिवशी दोन शिपायांनी गंज उचलून काकांच्या घरी पोचवला. भाऊसाहेबांनी दाखला केला: ‘गंज समूळ काढला.’ साहेबांनी सही केली.

काकूंनी गंज तीन दिवस राखेनं घासला. चौथ्या दिवशी त्यात तापवलेल्या पाण्याला रॉकेलचा वास आला, तशा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “घेऊन जा परत. बावीस वर्षं सवतीसारखा मिरवलात, आता नांदवा त्याला. आणि तुमच्या बंदुका काय हवेवर राहणार आहेत?”

“नेता येत नाही,” काका म्हणाले. “गंज काढल्याचा दाखला गेलाय. आता नेला, तर गंज पुन्हा चढला असा अर्थ होईल.”

मग दमट दिवस आले. कोठीत दुसरं भांडं मंजूर नव्हतं आणि घरात काकू रॉकेल येऊ देईनात. काकांनी बंदुकांना डोक्याचं तेल चोळून पाहिलं. बंदुकांना सुवास आला, पण गुण आला नाही. पहिल्या महिन्यात नळ्या तांबूस झाल्या, दुसऱ्यात खटके जाम झाले. काका झोपेत हात चोळू लागले. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. प्रशस्तिपत्र गेलं तर गेलं, पण खोट्याच्या जोरावर घरी जायचं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘बारापैकी बारा बंदुका गंजल्या आहेत.’

भाऊसाहेबांनी कागद वाचून मायेनं परत केला. “काका, गंज आपण काढलाय. तुमच्या घरी आहे तो.”

“अहो, तो नव्हे. दुसरा.”

“दुसऱ्याची नोंद नाही.”

चौथ्या महिन्यात समारंभ झाला. पथकाला ‘गंजमुक्त शस्त्रकोठी’ असा मान मिळाला आणि काकांना निष्कलंक सेवेचं प्रशस्तिपत्र. टाळ्या चालू असताना काका साहेबांच्या कानाशी लागले. “साहेब, खरं सांगतो, एकाही बंदुकीचा चाप ओढला जात नाही.”

“काका,” साहेब हसत म्हणाले, “ओढायचा कशाला?”

काकूंनी प्रशस्तिपत्र भिंतीवर लावू दिलं नाही. ते त्या गंजात उभं ठेवलेलं आहे.

हा प्रयोग इतका यशस्वी ठरला, की मुख्य कचेरीनं तो सगळ्या शस्त्रकोठ्यांना लागू केला. चौकशीत आढळलं, की प्रत्येक कोठीत एक काका होता, आणि प्रत्येक काकाकडे कुणाच्या तरी माहेरचा एक गंज. असे एकूण एकेचाळीस गंज समूळ काढण्यात आले. आज कागदोपत्री एकाही बंदुकीजवळ गंज नाही.

या बंदुका ज्याच्या रक्षणासाठी ठेवल्या आहेत, त्याची नोंद दप्तरात ‘सामान्य नागरिक’ अशी आहे. तो सुखरूप असून तूर्त हे वाचून हसतो आहे, असा ताजा अहवाल आहे.