खाकरून शिरणारा योद्धा

आमच्या कोरीटचे जिभाऊ टीव्हीतल्या माणसांच्या घरात शिरायच्या आधी खाकरतात.

खोटं वाटत असेल तर संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसा. पडद्यावर जिभाऊंचा योद्धा. पाठीवर बैलाएवढी ढाल, हातात तलवार. समोर कोणाचं तरी घर. आता बाकीची पोरं काय करतात? धाडकन दार उघडतात, मडकी फोडतात, पेट्या उचकतात, सापडेल ते झोळीत घालतात आणि पुढे पळतात. गेममध्ये चालतं तसं, कोणी काही म्हणत नाही. पण जिभाऊ दारात योद्ध्याला थांबवतात आणि इकडे खाटेवर बसून स्वतः खाकरतात. "अहं! अहं!" मग आत.

"जिभाऊ, त्यांना ऐकू जात नाही," मी एकदा म्हणलं.

"तुले ऐकू वनं ना? मंग. घरमा बायामानसे ऱ्हातस. खाकरल्याबिगर कसं घुसानं?"

हा गेमचा डबा त्यांच्या सुरतच्या जावयाने दिलेला. त्याने नवीन घेतला आणि जुना सासऱ्यांना आणून जोडला. जावयाची वस्तू नको कशी म्हणणार? म्हणून पपईची शेती करणारा बासष्ट वर्षांचा माणूस रिमोट घेऊन बसला, तो बसलाच.

गेम म्हणजे तो गोळ्या झाडायचा नाही हं. यात आपण एक माणूस व्हायचं. त्याला नाव द्यायचं, काम द्यायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, कोणाचं ऐकायचं ते ठरवायचं. जसं वागू तशी गोष्ट पुढे जाते. नंदुरबारला कॉलेजात माझ्या वर्गातली निम्मी पोरं याच्यापायी येडी झालीत. पण पहिल्या दिवशी योद्धा, जादूगार का चोर असं गेमने विचारल्यावर "शेतकरी नही का? मंग या लोके खातस काय?" असं विचारणारे जिभाऊ एकटेच. मला विचाराल तर हा गेम त्यांच्याइतका सरळ अख्ख्या जिल्ह्यात कोणी खेळलेला नाही. एक मडकं फुटलं नाही त्यांच्या हातून!

आता यात माझं काम काय? पडद्यावरचं बोलणं सगळं इंग्रजी अक्षरात येतं. ते मी वाचायचं आणि अहिराणीत सांगायचं. पण नुसतं वाचून दाखवायला मी काय बातम्या देतो का? मला नकलांची खोड. म्हणून राजा बोलायला लागला मिरची बाजारातल्या अडत्यासारखा, आणि चेटकीण माझ्या आत्यासारखी. (आत्या, वाचत असशील तर तुझा आवाज फार गोड आहे.) आठ दिवसांत ओसरी भरायला लागली. पोरं तर आलीच, गल्लीतल्या रेखाकाकू मिरच्यांची टोपली घेऊन यायला लागल्या. एकीकडे मिरच्यांचे देठ तोडायचे आणि मध्येच ओरडायचं, "जिभाऊ, तो प्रधान लबाड शे, त्यानं ऐकू नका!" पानटपरीवर लोक एकमेकांना विचारतात, "राणी सुटली का?"

राणीला किल्ल्यात कोंडलंय. तिला सोडवणं हेच तर योद्ध्याचं काम. पण कसली घाई आहे, असं विचारायचं हे जिभाऊंचं पालुपद, "घाई कसानी शे?" पपई तोडायची असो का मोटर चालू करायची, "घाई कसानी शे?"

एक दिवस गेममध्ये लोहार आला. नाकपुड्या फुगलेल्या, कपाळाला आठ्या, योद्ध्याची तलवार धार लावायला मागणारा. मला राहवलं नाही. मी हुबेहूब आबांचा आवाज काढला, "आन आठे! बोथट व्हई गयं व्हई!"

आबा म्हणजे जिभाऊंचे सख्खे धाकटे भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. अकरा वर्षांमागे पोळ्याला आबांची जोडी जिभाऊंच्या जोडीच्या आधी वेशीतून गेली. मान थोरल्याचा, शिरली धाकट्याची जोडी. तेव्हापासून दोघांत अबोला. बैल कधीच विकले, दोघांच्या दारात ट्रॅक्टर आला, पण अबोला काही विकला गेला नाही. बायांचं बरं आहे, भिंतीवरून भाजीच्या वाट्या रोज इकडून तिकडे जातात. न बोलणारे गडीच.

मी आवाज काढला आणि ओसरीवर हशा उसळला. मग सगळ्यांनी जिभाऊंकडे पाहिलं. जिभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मी थोबाडीत खायची तयारी ठेवली. त्यांनी पडद्याकडे तोंड वळवलं, पुन्हा तेच बटण दाबलं.

"आखो बोल."

मी पुन्हा बोललो.

त्या दिवसापासून खेळ सुरू झाला की आधी लोहार. तलवारीला धार असो नसो, लोहाराच्या दारात जायचं, खाकरायचं, त्याचं ते एक वाक्य दोन-तीन वेळा ऐकायचं, मग पुढे. रेखाकाकू वैतागायच्या.

"अहो, राणी कोंडेल शे तठे, आन तुम्ही आठे लोहारकडे काय बठनात!"

"घाई कसानी शे? कोंडेलच शे ना. कोठे जाई ती?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, माझी नक्कलच इतकी भारी आहे.

मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या हळदीत मी नकला करून करून घसा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी तसाच ओसरीवर गेलो. जिभाऊंचा योद्धा लोहाराच्या दारात. जिभाऊ खाकरले. पडद्यावर अक्षरं उमटली. मी तोंड उघडलं, तर फुटलेल्या पंपासारखी नुसती हवा.

"बोल ना," जिभाऊ म्हणले.

मी गळ्याला हात लावून मान हलवली. जिभाऊंनी बटण दाबलं. पुन्हा तीच अक्षरं. पुन्हा दाबलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं, की मला घशाचा राग आला.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "आन आठे! बोथट व्हई गयं व्हई!"

इतके महिने मी तो आवाज काढत होतो. खरं सांगतो, मूळ माल फारच सरस.

रेखाकाकूंच्या हातातली मिरची हातातच राहिली. जिभाऊंनी भिंतीकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघूनच त्यांनी हळूच बटण दाबलं.

"बोथट व्हई गयं व्हई!" भिंत म्हणाली.

जिभाऊंनी तिसऱ्यांदा दाबलं.

"कितलादाव सांगू? आन ना आठे!"

हे 'कितीदा सांगू' गेममध्ये नव्हतंच. जिभाऊंचा अंगठा बटणावर तसाच राहिला. पलीकडे खाट करकरली, चपला वाजल्या.

मग आमच्या मागे, ओसरीच्या दारात, कोणीतरी खाकरलं.

"अहं! अहं!"

जिभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. नुसते खाटेवर थोडे सरकले, शेजारची गोधडी हाताने सारखी केली आणि म्हणाले,

"ये. बठ. इतली घाई कसानी व्हती?"