सात नंबरचा चौकोन

अ‍ॅप बनवणं ही काय इंजिनिअर लोकांची जहागिरी आहे? मी बारावी नापास, तरी ठरवलं की बनवतोच! मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून एवढं शिकलो की अ‍ॅपला आधी हात लावायचा नसतो. आधी कागदावर चौकोन काढायचे. कोणतं बटण कुठे, ते लोकांना दाखवायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. याला वायरफ्रेम म्हणतात. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा कोणी एवढा कागद खराब केला असता, तर नव्या गावात नळ स्मशानाला आणि अंधार आम्हाला मिळाला नसता!

अ‍ॅप तक्रारीचं. नळ कोरडा? बटण दाबा. दिवा बंद? बटण दाबा. तक्रार थेट ऑफिसात.

मोठ्या कागदावर आठ चौकोन काढले, नंबर टाकले. व्हिडिओतल्या बाईने बजावलं होतं, आधी रंग नको, शब्द नको, नुसते चौकोन. कागद समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला, खाली लिहिलं, 'आपले मत कळवावे', आणि ऐटीत जेवायला गेलो.

दुसरा घास तोंडात होता तर बायको धावत आली.

"तुमी का चिकटवून आले जी? तिकडे झगडे होऊन राहिले!"

जाऊन पाहतो तर अर्धं गाव कागदासमोर! गोमाजी, वय सत्तर, तीन नंबरच्या चौकोनात काठीचं टोक खुपसून उभे.

"हा माहा! कोपऱ्याचा हाय, दोन्हीकडून रस्ता हाय!"

"काका, ते बटण आहे!"

"मले नोको शिकवू बे प्रफुल्ल! वीस वर्षं झाले, असेच कागद पाहून राहिलो."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या गावात कागदावरच्या नंबरी चौकोनाचा अर्थ एकच: प्लॉट! पुनर्वसनाच्या प्रत्येक साहेबाने असाच कागद याच भिंतीवर चिकटवला होता. चौकोनात ज्याचं नाव आलं नाही, तो आजही बाहेर आहे.

"पाच नंबर मोठा काहून?" कलाबाई कडाडली. "कोनाच्या जवायासाठी ठेवला?"

"काकू, पट्टी सरकली हो माझी!"

"सगळ्याइचीच पट्टी सरकते बाप्पा! जवायाकडेच सरकते!"

मी बोंबललो, "अरे, हे मोबाइलमध्ये येणार आहे!"

"आयकलं का?" गोमाजी गर्जले. "आता प्लॉट मोबाइलवर देऊन राहिले! आधार कार्ड आना!"

झालं! मेलेल्या बैलासारखं सुस्त गाव वाऱ्यासारखं पळालं. आधार, राशन कार्ड, धरणाच्या नोटिसा. एकाने तर बायकोचा लसीचा कागद आणला. समजावता समजावता माझा घसा फाटलेल्या भोंग्यासारखा झाला. शेवटी पटलं. लोक शिव्या देत घरी गेले. शिव्या मला! ज्यांना द्यायच्या ते या गावात कधी उतरतच नाहीत, गाडीची काच खाली करून निघून जातात.

कागद काढणार, तेवढ्यात सुंदरबाई आली. भाताच्या रोवण्यावरून आली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. नवरा गेला आणि प्लॉटची फाइलही त्याच्यामागे गेली. अकरा वर्षांपासून बहिणीच्या पडवीत राहते.

"बाबू, मले आताच समजलं. सगळे गेले का गा?"

"संपलं मावशी."

तिने कागद खालपासून वरपर्यंत पाहिला. मग चिखलाचं बोट सातवर ठेवलं.

"हा लहान हाय. कोनी मागतला नसन. मले पुरते. लिही न माहं नाव."

सात म्हणजे 'मागे जा'चं बटण. आताच चाळीस माणसांवर ओरडून आलेला मी. एकटीवर ओरडायला काय लागतं? पेन काढला आणि लिहिलं, 'सुंदरबाई'. ती अक्षरांकडे बघत राहिली. वाचता येत नाही तिला.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला भुपेंद्रकडे गेलो. चौकोन माझे, पण कॉम्प्युटरवर अ‍ॅप तोच बनवणार होता. त्याने कागद टेबलावर पसरला. काठीची भोकं, लोकांच्या अंगठ्यांचे डाग, चिखल.

"बाकी समजलं भाऊ. पन हे सुंदरबाईचं बटन दाबलं तं काय होते?"

"आता ते 'मागे जा' नाही, तिची तक्रार ऑफिसात जाते."

"मंग?"

खोटं बोलायचं नव्हतं.

"मंग काही नाही."

भुपेंद्र खूश झाला. "मंग तर आजच बनवून देतो, भाऊ! सगळ्यात सोपं हेच हाय!"