महादू अण्णांचा गोल

आमच्या सोसायटीत सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरलं की महादू अण्णा उलटे भेटतात. उलटे म्हणजे डोकं खाली, पाय वर. गेटजवळच्या फरशीवर सफरचंदाच्या पेटीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर अण्णांचं टक्कल आणि त्याच्यावर साठी ओलांडलेला, बऱ्यापैकी पोट सुटलेला बाकीचा माणूस. वॉचमन त्यांना तशाच अवस्थेत सलाम करतो. अण्णा तशाच अवस्थेत विचारतात, "पेपर आला का रं?" मग हातानं फरशीला झटका देतात आणि गर्रकन फिरतात. नवीन भाडेकरू यायचा असला की एजंट त्याला पाण्याची वेळ, पार्किंगचे नियम आणि महादू अण्णा या गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. लिहिते, छापते, स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. त्यामुळे गोलगोल बोलायची सवय नाही. स्पष्ट सांगते, त्याला शीर्षासन म्हणू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू एकदा "आसन छान जमतं हो" असं म्हणाल्या. आठवडाभर अण्णा त्यांच्याशी बोलले नाहीत. "आसन बसायला आसतं. ह्यो ब्रेकडान्स हाय."

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे, माथाडी कामगार. आधी मुंबईच्या जुन्या बाजारात पोती वाहिली. मग बाजार वाशीला आला, तेव्हा पोत्यांबरोबर अण्णाही खाडी ओलांडून आले. ऐन तरुणपणी एका व्हिडिओवाल्याच्या खोलीत त्यांनी एक कॅसेट पाहिली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीतली काळी पोरं रस्त्यात पुठ्ठा टाकून डोक्यावर फिरत होती. बाकीचे हमाल "मारामारीचा पिक्चर लाव" म्हणून बोंबलत होते. अण्णा त्या पोरांच्या मानेकडे बघत राहिले. "म्हनलं, मान तर आपल्याकडं बी हाय. आपुन तिच्यावर पोतं ठिवतो, ती पोरं आख्खी जमीन ठिवत्यात."

तेव्हापासून हिपहॉपचा इतिहास अण्णा शेजारच्या गावातली भानगड सांगावी तसा सांगतात. "बिल्डिंगा जळाल्या, मालक पळालं, काम न्हाय, धंदा न्हाय. पोरांनी काय केलं? खांबावरनं लाईट वढली आन् रस्त्यात दोन रेकॉर्ड प्लेयर मांडलं. आता बघ, गानारा दमतो आन् नुसती हलगी वाजती, तवाच पब्लिक उठतं का न्हाय? तिथल्या रेकॉर्ड लावनाऱ्या गड्यानं तेवढाच तुकडा धरला. एका तबकडीवरचा संपला की दुसरीवरचा. हलगी थांबूच दिली न्हाय!" यावर मी इंग्रजीतले लांबलचक लेख वाचलेत. इतकं सोपं एकातही नव्हतं.

ग्राफिटीचंही तसंच. तिकडची पोरं रेल्वेच्या डब्यांवर आपलं नाव रंगवायची, म्हणजे नाव शहरभर फिरायचं. अण्णांकडे डबे नव्हते, पोती होती. व्यापाऱ्याचा मार्का मारायच्या शाईनं ते पोत्याच्या कोपऱ्यात बारीक 'महादू' लिहायचे. "नाव नागपूरला गेलं, इंदूरला गेलं. जासईच्या कंटेनर यार्डातनं बोटीवर चढून दुबईला बी गेलं आसंल. मी कुठं गेलो? तळोज्याला. मेव्हन्याकडं."

पण अण्णांचा खरा धर्म वेगळाच. 'गोल करा!' भांडण झालं की माणसांचा गोल करायचा. दोघांनी आत उतरायचं, आळीपाळीनं नाचायचं. अंगाला हात लावायचा नाही. पब्लिक ज्याच्यासाठी ओरडेल तो जिंकला, आणि निकाल लागला की तोंड वर करून बोलायचं नाही. "हात न्हाय, पाय दाखीव," हे त्यांचं घोषवाक्य. ब्रॉन्क्समधल्या टोळ्यांनी म्हणे सुरे खाली ठेवले ते असेच. आमच्या सोसायटीत पेडणेकर आणि अय्यर यांचं पार्किंगवरून कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं. अण्णांनी दोघांना गोलात ढकललं. अय्यर संकोचून नुसते घड्याळ बघत उभे राहिले. पेडणेकर विसर्जनात नाचतात तसे रुमाल दातात धरून नाचले. ती जागा आजही पेडणेकरांकडे आहे आणि अय्यर एक शब्द बोलत नाहीत. लोक हसतात. मी हसत नाही. आमच्या सर्वसाधारण सभेपेक्षा हा न्याय लवकर मिळतो.

आता मुद्द्यावर येते.

जुईनगरच्या बाजूला रुळांखालून एक भुयारी रस्ता जातो. तिथली फरशी गुळगुळीत आणि भिंत लांबलचक. आसपासची पोरंपोरी संध्याकाळी तिथे नाचतात, रॅप करतात. अण्णाही अधूनमधून पुठ्ठा घेऊन तिथे जातात. भिंतीवर त्यांनीच रंगवलेली जाडजूड, फुगलेली अक्षरं आहेत. वेलांटीला बाण, मात्रेला ज्वाळा. या शहरात तरुणांना फुकट उभं राहू देणारी ती एकच जागा. मॉलमध्ये विकत घ्या, क्लबमध्ये सभासद व्हा, बागेत गवतावर पाय ठेवू नका!

आणि एके दिवशी तिथे नोटीस लागली. सुशोभीकरण. भिंत पांढरी करून तिच्यावर फ्लेमिंगो रंगवणार. या शहराच्या प्रत्येक पुलाखाली फ्लेमिंगो आहे. खाडीतल्या फ्लेमिंगोंची काय अवस्था आहे, ते विचारायचं नाही. मी रातोरात पत्रक काढलं: 'भिंतीला चुना, तरुणांना चुना!' रविवारी सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी भिंतीपुढे उभं राहायचं ठरलं.

अण्णांना म्हटलं, "तुम्ही भाषण करा."

"भाषान नगं. मी येतो."

रविवारी आम्ही वीसेक जण भिंतीला पाठ लावून उभे होतो. समोर टेम्पो, प्रायमरचे डबे, ठेकेदाराचा मुकादम आणि चार कामगार. त्यांतली एक पूजा. पंचविशीतली, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, टी-शर्टवर सुकलेल्या रंगाचे थर. फ्लेमिंगो काढणारी तीच.

"ओ ताई, ऑर्डर आहे," मुकादम म्हणाला.

"ऑर्डर कुणाला विचारून काढली?"

"ते मला काय विचारता? बाजूला व्हा, नायतर पोलिसांना बोलवतो."

"बोलवा! त्यांनापण पत्रक देते."

पूजा शिडी खांद्यावर घेऊन पुढे आली. आवाज थंड होता. "ताई, तुमचं आंदोलन दुपारी जेवायला घरी जाईल. माझं हे काम गेलं तर पुढचं कोण देणार? तुमचं पत्रक?"

मी आणखी मोठ्यानं घोषणा दिली. मग सगळं भराभर बिघडलं. कुणीतरी शिडी ओढली. मुकादमानं ओंकारला ढकललं. ओंकार आमच्यातला सगळ्यात तापट, त्यानं मुकादमाची कॉलर पकडली. डबा लवंडला आणि फरशीवर पांढरा ओघळ पसरला. एका कामगाराच्या हातात भिंत खरवडायचं पातं होतं आणि त्यानं ते खाली ठेवलेलं नव्हतं.

"गोल करा!"

भुयारात तो आवाज दोनदा ऐकू आला. महादू अण्णा काखेत पुठ्ठा मारून उभे होते.

"कॉलर सोड रं. हात न्हाय, पाय दाखीव. मुकादम, तुमच्याकडनं एक जन उतरवा. आमच्याकडनं मी. मी जिंकलो तर शिडी टेम्पोत. तुमी जिंकला तर भिंत तुमची."

"अण्णा!" मी ओरडले. "हे कुणी ठरवलं? भिंत पणाला लावायची नाहीये!"

"मग काय टकुरी फोडायची? पात्याकडं बघ त्याच्या."

मुकादमानं अण्णांच्या पोटाकडे पाहिलं आणि मोकळेपणानं हसला. "चालेल काका. पण आमच्यातलं कोण येड्यासारखं नाचणार?"

पूजानं शिडी भिंतीला टेकवली. "मी उतरते. काका, नियम मला म्हायतीयेत. काम लागायच्या आधी कळंबोलीच्या पुलाखाली उतरायचे मी."

पुठ्ठा पडला. गोल झाला. ओंकारनं स्पीकर लावला, शब्द नसलेला, नुसता ठेका. मला भिंत दिसत होती आणि अण्णांची मान दिसत होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचा एक्स-रे उजेडाला धरून बजावलं होतं: डोक्यावर फिरणं बंद, नस दबली तर हात जाईल. अण्णांनी त्याचा अर्थ 'दिवसातून एकदाच' असा घेतला होता. आणि आजची सकाळची गिरकी झालेली होती.

अण्णा आधी पायांवर खेळले. आडवं पाऊल, तिरकं पाऊल, मध्येच लेझमीतल्यासारखी बैठक. साठी ओलांडलेला माणूस, पण ठेका एकदाही सुटला नाही. मग डोकं टेकवलं आणि पाय वर गेले. एक गिरकी. दुसरी. तिसरीला मान थरथरली. मी एक पाऊल पुढे टाकलं. अण्णा कसेबसे कुशीवर उतरले, उठले आणि पूजाकडे बोट दाखवून दंडावर थाप मारली. ये.

आमची पोरं बेभान ओरडली. ती अण्णांसाठी कायमच ओरडतात. अण्णा आले की पाया पडतात, व्हिडिओ काढतात, व्हिडिओखाली जोडलेल्या हातांचं इमोजी टाकतात. त्यांच्यापैकी एकही जण आजवर अण्णांसमोर गोलात उतरलेला नव्हता. मोठ्या माणसापुढे कसं उतरायचं?

पूजा उतरली. पाठीवर पोतं घेतल्यासारखी वाकली, एक हात कमरेवर ठेवला, पोट पुढे काढलं आणि अण्णांसारखीच डुलत डुलत गोलात फिरली. हुबेहूब. मग त्याच चालीतून खाली गेली, हातांवर तोल घेऊन पाय असे फिरवले की नजर पोचेना, आणि शेवटी चुंबळ पायानं बाजूला सारून नुसत्या पुठ्ठ्यावर डोकं टेकवून फिरली. किती फिरली ते मी मोजलं नाही. थांबली ती पाय हवेत ठेवूनच. आणि त्याच स्थितीत अण्णांकडे बघून जांभई दिली.



"ए, अण्णांची टिंगल करते काय!" ओंकार पुढे सरसावला. मलाही तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. हा माणूस आयुष्यभर ओझी वाहून वाकला, आणि ही त्याच्या वाकण्याची नक्कल करते?

"गप!" अण्णा गरजले. "गोलात टिंगल चालती. पब्लिक, बोला. कोन जिंकलं?"

कुणी बोलेना. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं कोण जिंकलं. अण्णांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. मग स्वतःच पुढे झाले आणि पूजाचा रंगानं माखलेला हात धरून वर केला.

"भिंत हिची."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. दगाबाज म्हणाले, एवढं पुरे. पोरं मान खाली घालून निघून गेली. शिडी लागली, रोलर फिरला आणि ज्वाळावाली मात्रा माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली.

दुपारी मी परत गेले. रागाची वाक्यं घरून तयार करून नेली होती. अजून फरशी वाचवायची होती, तिथे रेलिंग लावायचा बेत ठेकेदाराच्या लोकांकडूनच कळला होता. त्यात पुन्हा या माणसानं नाक खुपसू नये, हे ठणकावून सांगायचं होतं.

अण्णा खाली शिडी धरून उभे होते. पूजा वर होती. दोघं कडाकडा भांडत होते.

"तुजा डावा पाय उशिरा येतो."

"उशिरा नाय काका, मुद्दाम थांबवते. तुमाला दिसत नाय ते."

"मला दिसत न्हाय?"

"नायच दिसत. म्हणून तर हरलात."

"आगं जा! मान आखडली नसती तर तुला पानी पाजलं आसतं."

"मान आखडली, बूट घसरला. हरलेले सगळे हेच बोलतात."

मी तोंड उघडलं आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पाण्यानं भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"अण्णा, घरी चला," एवढंच मला बोलता आलं. "सूनबाई जेवायला थांबल्यात."

"काय करू जाऊन? काय बी बोललो की पोरगा मोबाईलमधनं 'बरं अण्णा' म्हनतो. सून 'बरं अण्णा' म्हनती. हितं आलो की तुमी समदी पाया पडता." ते वर बघत होते. आवाज खाली आला होता. "तरनाताठा होतो तवाधरनं कुनी म्हनलंच न्हाय गं मला, उतर म्हाताऱ्या, बघू तुज्यात काय हाय."

वरून रोलरचा आवाज थांबला. पूजानं खाली वाकून पाहिलं.

"ए पोरी," अण्णांनी तिला विचारलं, "उद्या बी हाय न्हवं काम?"

"आहे ना. भिंत केवढी मोठी आहे."

"मग सावकाश रंगव," अण्णा म्हणाले.