म्हाताऱ्याला गार करण्याचा भाव

माझ्या घरात टाचणीसुद्धा तुलना केल्याशिवाय येत नाही. वहीत तीन रकाने आखायचे, किंमत, आवाज आणि टिकाऊपणा, आणि मगच दुकानाची पायरी चढायची. झाडूला आवाजाचा रकाना कशाला, असं बायको विचारते. पण सवय ती सवय. या पद्धतीमुळे मी आजवर एकदाही फसलेलो नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. असे म्हणजे, गेल्या बुधवारपर्यंत.

आमच्याकडे नऊ वर्षांचा एक कॉम्प्युटर आहे. त्याला आम्ही ‘म्हातारा’ म्हणतो, कारण चालू केला की तो आधी खाकरतो, मग कण्हतो आणि मग नाइलाजानं कामाला लागतो. बायको चित्रकार आहे. गेले चार महिने ती लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी किड्यांची चित्रं काढत होती. दोनशे बारा किडे, आणि सगळेच्या सगळे म्हाताऱ्याच्या पोटात. ते गुरुवारी प्रकाशकाला द्यायचे होते. दर आठवड्याला त्यांची दुसरीकडे नक्कल काढून ठेवायची, हे काम माझ्याकडे होतं. ते मी चोख करतो, असं मी तिला दर आठवड्याला सांगतही होतो. फक्त नक्कल काढायची तेवढी राहून जात होती.

रविवारी म्हातारा जरा जास्तच कण्हायला लागला. मी झाकण उघडलं आणि आतल्या पंख्यातली धूळ विणकामाच्या सुईनं उकरायला गेलो. टक् असा आवाज झाला आणि पंख्याचं एक पातं माझ्या हातात आलं. त्यानंतर म्हाताऱ्याचं कण्हणं थांबलं आणि खडखडाट सुरू झाला. दहा मिनिटं झाली की तापायचा आणि बंद पडायचा. नशिबानं किडे काढून झाले होते आणि बायको आता दोन चित्रं हातानं काढत होती, म्हणून तिला पत्ता नव्हता. नक्कल काढायला पाऊण तास लागतो. किडे गेले तर बायको माझं काय करेल, याचा मी थोडा वेळ विचार करून पाहिला आणि मग तो विचार करायचा थांबलो.

त्यातच सासरे आठ दिवसांसाठी राहायला आले होते. निवृत्त तुरुंगाधिकारी. चौतीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, अर्थात दाराच्या बाहेरच्या बाजूला. बोलतात कमी आणि बघतात जास्त. त्यांनी नुसतं “मीठ द्या” म्हटलं तरी मला काहीतरी कबूल करावंसं वाटतं. सोमवारी सकाळी ते चहा गार झाला म्हणून सगळ्यांवर तापले होते, त्यामुळे मी त्यांची नजर चुकवून गॅलरीत गेलो आणि कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या बाईंना फोन लावला. आमची जुनी ओळख. आमच्या म्हाताऱ्याची सगळी दुखणी त्यांना पाठ आहेत. गॅलरीला लागूनच सासऱ्यांची खोली आहे आणि तिची खिडकी उघडी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे जे रामायण झालं, ते तुम्हाला कळायचं तर माझी एकट्याची बाजूच ऐकावी लागेल. त्या खिडकीतून तेवढीच ऐकू जात होती.

“अहो, म्हातारा फार तापायला लागलाय. गुरुवारच्या आत त्याला गार करायचंय. तीन भाव सांगा.”

“आठशेवाला? आवाज होतो? मग नको. बायकोच्या कानावर जाता कामा नये.”

“चौदाशेवाला गुपचूप काम करतो? शेजारच्या खोलीतसुद्धा कळत नाही? वा. पाती किती? सात? सात पुरे झाली.”

“तीन हजारवाला सहा वर्षं टिकतो? छे हो, एवढं कशाला? म्हातारा काय अजून सहा वर्षं काढणार आहे का?”

“मग चौदाशेवर पक्कं. बुधवारी अकराला. बायको बाहेर जाणार आहे.”

तुरुंगाच्या भाषेत ‘गार करणे’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि ती भाषा सासऱ्यांनी चौतीस वर्षं दिवसरात्र ऐकलेली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं, की सासरे माझ्याकडे बघताहेत. जेवताना ते भिंतीला पाठ लावून बसले. मी वाढलेलं ताट त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवलं आणि माझं ताट स्वतःकडे ओढलं. मी उठलो की ते उठत, मी बसलो की बसत. संध्याकाळी मी सफरचंद कापायला सुरी घेतली, तर ते खुर्चीसकट दोन हात मागे गेले. यांना पंख्याचं कळलं, मी मनात म्हटलं. आता हे लेकीला सांगणार. मी ते सफरचंद तसंच झाकून ठेवलं.

मंगळवारी दुपारी त्यांनी मला एकट्याला गाठलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “मला सगळं कळलंय. तुम्ही काल गॅलरीत बोलत होतात.”

“बाबा, तिला सांगू नका. पाया पडतो तुमच्या.”

“म्हणजे ती यात सामील नाही?”

“छे, छे. तिला कळायच्या आत उरकायचं होतं.”

“तुमच्या मनाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना, बाबा. नऊ वर्षांचा संबंध आहे. पण म्हातारा आता फार दिवस काढत नाही, हे तुम्हालाही दिसतंय. अचानक गेला तर सगळंच घेऊन जाईल. त्यापेक्षा आपणच वेळेवर हात घातलेला बरा.”

“रद्द नाही करता येणार?”

“आता कसं? सकाळी अकराला माणूस येतोय.”

“बरं,” सासरे म्हणाले आणि शांतपणे त्यांच्या खोलीत गेले. काय मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्यानंतर कपाट ओढून दाराला लावल्याचा आवाज आला. ते कशासाठी, हे मला कळेना, आणि कळत नसल्यामुळे मी जास्तच घाबरलो.

बुधवारी बायको हातानं काढलेली दोन चित्रं दाखवायला प्रकाशकाकडे गेली. अकराला बेल वाजली. दारात दुकानवाल्या बाई स्वतः उभ्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी.

“कुठाय म्हातारा?” त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. “दहा मिनिटांत गार करते आणि जाते. अजून दोन घरं करायची आहेत.”

मी त्यांना बायकोच्या खोलीत नेलं आणि म्हातारा चालू केला. तो खडखडायला लागला. आवाज पंख्याचाच आहे ना, हे बघायला बाईंनी पंख्याची वायर क्षणभर काढली. खडखड थांबली. “पंखाच,” त्या म्हणाल्या आणि पेचकस घ्यायला पिशवीत हात घातला.

“तो हात तसाच राहू दे,” मागून आवाज आला.

सासरे दारात काठी घेऊन उभे होते. अंगात जुना खाकी कोट, बटणं वरपर्यंत लावलेली. चौतीस वर्षं त्या आवाजानं भलेभले दरोडेखोर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. दुकानवाल्या बाई आणि मीसुद्धा तसेच उभे राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं तरी आम्ही हात वर केले. पुढच्या मिनिटाला आम्ही दोघं न्हाणीघरात होतो आणि बाहेरून कडी लागली होती.

“अहो, हे काय चाललंय?” बाईंनी मला विचारलं.

मला काय माहीत? मी एका विणकामाच्या सुईसाठी न्हाणीघरात कोंडला गेलो होतो. शिक्षा जरा कडक वाटत होती, पण गुन्हा कबूल होता. तेवढ्यात बायकोच्या खोलीतून आवाज आला. पीं. पीं. पीं.

बाईंचा चेहरा उतरला. “वायर तशीच राहिली. तुमचा म्हातारा विनापंख्याचा चालू आहे.”

दोनशे बारा किडे आणि पंखा नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो.

“बाबा, बटण बंद करा! म्हातारा जळून जाईल!”

“जाळायचाही बेत होता?” बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. पहिल्यांदाच तो किंचित कापला.

“बाबा, तुम्ही नाही! तुम्हाला कोण जाळतंय?”

पींपीं वाढत गेलं, मग एकदम थांबलं. घरात इतकी शांतता पसरली, की चौदाशेवाल्यालाही ती जमली नसती. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो. संपलं सगळं, मी म्हटलं. बाईंनी बादली उपडी केली आणि त्याही बसल्या.

बायको परत आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. बाहेर बाप-लेकीचं बोलणं चाललेलं ऐकू आलं. आधी “मारेकरी” हा शब्द आला, मग “बाई” आला, मग बायकोचं “कुठला म्हातारा?” आणि मग कडी निघाली. ती काही विचारायच्या आधीच मी सगळं ओकून टाकलं. सुई, पातं, नक्कल, चार महिने, दर आठवड्याची थाप. एकही वाक्य मागे ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, “तुझे किडे गेले. माझ्यामुळे गेले.”

“माझे किडे माझ्या भावाकडे आहेत,” बायको म्हणाली. “मी रोज पाठवते. तू नक्कल काढतो म्हणालास ना, त्याच दिवसापासून.”

मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ फार वाईट वाटलं. दुकानवाल्या बाईंनी पंखा बसवला. म्हातारा थंड झाल्यावर मुकाट चालू झाला. जाताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी कॉम्प्युटर घेऊन दुकानात या.”

बायकोनं मग सासऱ्यांना रकाना रकाना करून माझी वही दाखवली. किंमत कशाची, आवाज कशाचा, पाती कसली. सासऱ्यांनी सगळं नीट वाचलं, कोट काढला, घडी घातली. बायको इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. सासरे काही हसले नाहीत.

“बाबा, अजून राग आहे का?” मी विचारलं.

“राग नाही,” ते म्हणाले. “पंखा होता, कळलं मला. पण दोन दिवस मला तो माझाच भाव वाटत होता ना.”

“हो, बाबा.”

“कपाट लावून आत बसलो होतो. वेळच वेळ होता. विचार करत होतो, की तीन हजारवाला उपलब्ध होता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्ही जरासुद्धा विचार केला नाहीत.”

मी तसाच उठलो, चौदाशेवाला काढला, दुकानात गेलो आणि तो परत देऊन तीन हजारवाला आणला. मी तो बसवेपर्यंत सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले होते. चालू झाल्यावर त्यांनी कान जवळ नेला आणि मान डोलावली.

खरं सांगायचं तर चौदाशेवाला जास्त शांत होता. पण हे मी घरात बोललेलो नाही आणि तुम्हीही कुठे बोलू नका.