येतो म्हणून गेलेला मेकॅनिक

"ही गाडी बंद पडणं शक्यच नाही," असं ठामराव म्हणाले आणि गाडी बंद पडली. खोटं वाटेल, पण क्रम अगदी हाच होता. बॉनेटमधून भसाभस वाफ आली आणि ते भलंमोठं मोटरहोम हायवेच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या थोडं अलीकडे, गपकन उभं राहिलं.

ठामराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात कुणीतरी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की बायकोसुद्धा माहेरी फोनवर बोलताना तेच वापरू लागली. माणूस वाईट नाही हो, फक्त चुकतानाही ठाम असतो.

मोटरहोम भाड्याने घेतलं ते मात्र आईसाठी. तिच्या कमरेला बसून प्रवास झेपत नाही, आणि या गाडीत मागे पलंग, शेगडी, सिंक, सगळा संसार. तिची धाकटी बहीण मुलाकडे परदेशी निघाली होती, कायमची. विमान त्याच रात्रीचं होतं. दोघी कित्येक वर्षांत भेटल्या नव्हत्या, आणि आज नाही भेटल्या तर पुन्हा भेटतील, अशी खात्री ठामरावांनासुद्धा देता येत नव्हती. मावशी घरातून निघायच्या आत तिथे पोचायचं होतं.

गाडीवाल्यांनी मेकॅनिक पाठवला, तो मुकाट्याने कामाला लागला. मी सांगेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, एवढंच त्याने बजावलं. मग ठामराव येरझाऱ्या घालत मेव्हण्याला फोनवर इंजिनाची रचना समजावून सांगू लागले. मेव्हणा दातांचा डॉक्टर, ऐकून घेतो बिचारा. बायको पंपावरून पाणी घेऊन येत होती, तेवढ्यात मेकॅनिकने हत्यारांची पेटी उचलली आणि ठामरावांकडे बघून म्हणाला, "बरं, येतो." ठामरावांनी हात वर केला आणि इंजिनाचं पुढे चालू ठेवलं.

बराच वेळ गेला. मेकॅनिकचा पत्ता नाही.

"काम अर्धं टाकून पळाला वाटतं तो," बायको म्हणाली.

"येतो म्हणालाय."

"अहो, निघताना सगळे येतोच म्हणतात. जातो असं कोण म्हणतं?"

इथून जो वाद पेटला तो काही केल्या विझेना. ठामरावांचं म्हणणं असं, की निरोपाचा 'येतो' लांबट असतो, त्याला शेपूट असतं. हा आखूड होता, म्हणजे कामाचा. मग पेटी का नेली, असं बायकोने विचारलं. पार्ट आणायला. पेटीतून? मग काय खिशातून आणतात? शेवटी बायकोने हुकमाचं पान टाकलं. आधी 'बरं' होतं, आणि 'बरं' लागलं की तो निरोपच. ठामराव क्षणभर डगमगले, पण 'बरं' म्हणजे 'गाडी बरी करायला' असंही असू शकतं, असं म्हणून सावरले.

मग त्यांनी गाडीवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, आमचा माणूस येऊन गेला," तिथली बाई म्हणाली.

"गेला ते दिसतंय मला. येणार कधी?"

"सर, तो आला होता."

"आला होता म्हणूनच तर येतो म्हणाला ना!"

बाईने त्यांना संगीत लावून दिलं.

आई खिडकीशी शांत पडून होती. तिची ती शांतता बघून बायकोला भडभडून आलं. आत जाऊन म्हणाली, "आई, आता काही वेळेत पोचत नाही आपण."

"असू दे गं. मावशीला फोन लाव. विमानतळाचा रस्ता हाच ना? जाता जाता येईल ती इथे."

मावशी जरा लवकरच निघाली. ऊन कलायच्या आत तिची टॅक्सी येऊन थांबली, दोन बॅगा उतरल्या, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की टॅक्सीवालाही नाक पुसू लागला. रडता रडताच आईने त्याला हाताने 'जा' म्हणून खुणावलं. ठामराव धावत बाहेर येईपर्यंत टॅक्सी दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर आत गप्पा, चहा, हसणं, पुन्हा रडणं, पुन्हा चहा. ठामराव पायरीवर बसून दुसरी टॅक्सी शोधत होते. एकही मिळेना. विमानाची वेळ जवळ येऊ लागली तसा त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला.

"आई, मावशीचं विमान चुकणार. टॅक्सी का सोडलीस तू?"

"गाडी आहे की आपली."

"गाडी बंद आहे!"

"चालू कर."

"किल्लीला हात लावायचा नाही."

"लाव. मी सांगते."

ठामरावांनी किल्ली फिरवली. गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. बायको ठामरावांकडे बघू लागली, ठामराव किल्लीकडे.

"पाइप निसटला होता," आई आतून म्हणाली. "बसवला त्याने. थोडी निवली की चालू करा म्हणाला, मला, खिडकीतून. तू फोनवर होतास ना."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर वेळेत पोचवलं असतंस. तिच्या घरी आज अख्खी गल्ली गोळा. त्या गर्दीत सगळ्यांना चहा देण्यातच गेला असता तिचा वेळ. मला माझी बहीण हवी होती रे, एकटी."

बायको हसत होती आणि डोळे पुसत होती.

"विमान नाही चुकत," मावशी आतून म्हणाली. "पण जरा लांबच्या रस्त्याने घे हं."

ठामरावांना त्या भागातला हा एकच रस्ता माहीत होता. "घेतो," ते म्हणाले. पुढच्या पंपावर त्यांनी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला रस्ता विचारला.