घर्षण नगण्य माना

बोरसे सरांसमोर ‘घर्षण नगण्य माना’ म्हणायची सोय नाही. पुस्तकात तसं छापलेलं असलं तर ते पेनानं खोडतात आणि वर्गाला विचारतात, "लिंबायतमध्ये कुठे नगण्य आहे, दाखवा. मी चहा पाजतो."

तो चहा अजून कुणालाही मिळालेला नाही.

लिंबायतमधल्या एका कापडाच्या गोदामावर पत्र्याची खोली आहे. तिथे सर सकाळी बीसीएच्या मुलांना डेटाबेस शिकवतात आणि संध्याकाळी अकरावीला भौतिकशास्त्र. सरावाची गणितं स्वतः तयार करतात. त्यांत ‘एक मनुष्य’ कधीच नसतो. माणूस गल्लीतलाच लागतो. साड्यांचे गठ्ठे लादून हातानं ढकलत चढावर न्यायची लारी शकीलभाईंची. गणित देण्याआधी सर त्यांना गाठून विचारणार, "चाकाला तेल कधी घातलं होतं?" उत्तर त्यावर बदलतं.

डेटाबेसलाही तोच कायदा. सरावाच्या टेबलात गल्लीतली आणि ओळखीची खरी माणसं: नाव, खोली, काम, पाळी. एकही रकाना रिकामा चालत नाही. "माहीत नाही? मग जाऊन विचारा. जिना आहे." त्यामुळे मुलं क्वेरी लिहिण्याआधी दारोदार फिरतात. एकदोघांनी त्यांना सरकारी समजून रेशन कार्डं दाखवली आहेत.

एकदा लिफ्टच्या गणितात सरांनी मंगलाकाकूंचं वस्तुमान ऐंशी किलो धरलं. काकू लाटणं हातात घेऊनच वर्गात आल्या.

"मास्तर, मनं वजन ऐंशी किलो शे, हाई तुमले कोनी सांगं?"

सर घाबरले नाहीत. खालच्या भंगारवाल्याचा काटा मागवला. काकू लाटण्यासकट उभ्या राहिल्या. सरांनी लाटणं वजा करून फळ्यावर दुरुस्ती केली. दुरुस्ती वरच्या दिशेनं होती. त्यानंतर लिफ्टची गणितं बंद झाली.

मी सरांची जुनी विद्यार्थिनी. आता यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहिते. एकदा एक पत्रक सरांना दाखवलं, तर ‘प्रचंड पिळवणूक’खाली रेघ मारून ते म्हणाले, "एकक?"

"सर, पिळवणुकीला एकक नसतं."

"मग मालक म्हणेल, कमीच आहे. पाळी किती तासांची, पंखे किती, पिण्याचं पाणी किती लांब, ते लिही."

चिडत चिडत लिहिलं. मालकानं ते पत्रक भिंतीवरून फाडून काढलं. प्रचंडवाली पत्रकं त्यानं फाडण्याइतकी कधी मनावर घेतली नव्हती.

अशा माणसानं स्वतःचाच कायदा मोडावा, हे मला सहन होणं शक्य नव्हतं. दिवाळीनंतर प्रत्येक संचाचं शेवटचं गणित सुमनचं येऊ लागलं. सुमन सायकलवरून उतार उतरते. सुमन बारडोलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रकला मागे टाकते. आणि खाली, सरांच्याच अक्षरात: घर्षण नगण्य माना.

बीसीएच्या मुलांनी टेबलात सुमन शोधली. शून्य ओळी.

"सर, सुमन कोण?"

"पुढचं गणित घ्या."

"पुढचं नाहीये, सर. हे शेवटचं."

"मग सुट्टी."

त्याच सुमारास सरांनी गल्लीतल्या पोरांचा फुटका कॅरम मागून घरी नेला आणि अधूनमधून त्यांच्या पावडरीवरही हात मारू लागले. "सरजी, पावडर तो छोडो!" पोरं ओरडायची. सर कॅरम खेळत नाहीत.

पण माझा मुद्दा तत्त्वाचा होता. शकीलभाईंच्या लारीला घर्षण आणि सुमनला माफी? एका रविवारी सकाळी मी जाब विचारायला सरांच्या उधन्याच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. जमिनीवर तो कॅरम, त्यावर पसरलेली पावडर. खुर्चीत एक बाई बसलेल्या, उजवी टाच बोर्डावर. भिंतीशी पायाचं शिलाई मशीन, चादरीनं झाकलेलं. सर जमिनीवर मांडी घालून.

"ये. ही सुमन," सर म्हणाले. "आमची मंडळी. साड्यांना लेस लावायची. दिवाळीत लकवा मारला. डॉक्टर म्हणतात, पाय गुळगुळीत फळीवर सरकवत राहा, मशीन पुन्हा चालवेल. चालवेलही."

"गणितात मला उतारावर सोडतात," सुमनकाकू म्हणाल्या. जीभ जड होती, टोमणा मात्र चपळ. "ब्रेकसुद्धा देत नाहीत."

"पण सर, टेबलात का नाही घेतलं यांना?"

"कामाचा रकाना आहे ना. ‘लेस लावणे’ लिहिलं तर खोटं. आणि रिकामा मी ठेवणार नाही."

मी चपला काढून बोर्डाशेजारी बसले.

सरांनी टाचेपुढे चिमूटभर पावडर भुरभुरली, आधाराचा हात काढून घेतला आणि हळू म्हणाले, "हं. घर्षण नगण्य माना."

काकूंनी ओठ घट्ट मिटले. पाय थरथरला. मग पांढऱ्या पावडरीत टाचेची एक रेघ पुढे सरकली आणि थांबली. सर मोजपट्टी लावून, नाक बोर्डाला टेकवून बघत राहिले.

"किती?" काकूंनी विचारलं.

"दीड."

"एकक?"

"सेंटिमीटर," सर म्हणाले आणि टाचेपुढे पुढची चिमूट भुरभुरली.