मानाचा हिटर

"पप्पा, आम्ही येतोय धोंड्याला," वैष्णवी फोनवर म्हणाली. "पण ह्यांनी एक विचारलंय."

उदयसिंह खुर्चीतून उठून उभे राहिले. जावयानं काही विचारलंय म्हटल्यावर ते बसून ऐकणं त्यांना बरं वाटेना.

"विचार की."

"न्यायला तुमची ती जुनी गाडी आणणार का? आणि आणणार असलात तर सगळी चालू आहे ना? हिटरसकट?"

पलीकडे कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. पण हिटर हा शब्द एकदा कानात शिरल्यावर हसण्याकडे लक्ष द्यायचं भान उदयसिंहांना उरलं नाही.

त्याला कारण होतं. वर्षापूर्वी नवरदेवाला याच गाडीतून मिरवत न्यायचं त्यांनी भर बैठकीत कबूल केलं होतं. गाडी त्यांच्या वडिलांची. एका कापडगिरणीचा गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना सोडून गेलेली, बदामी रंगाची, आणि पुढून पाहिली तर नुकत्याच रागावलेल्या मुख्याध्यापकासारखी दिसणारी. लग्नाच्या दिवशी ती देवळासमोर बंद पडली ती पडलीच. नवरदेवाला मांडवात न्यायला हाताशी जे वाहन लागलं ते मांडववाल्याचा टेम्पो. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रासांमध्ये उभा राहून, एका हातानं बाशिंग सावरत, युवराज लग्नाला पोचला. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या वडिलांना. "माझा पोरगा काय भाड्याचा माल हाय व्हय?" एवढंच बोलून अकलूजचे आप्पा जे गप्प झाले, ते आजतागायत. दिवाळसण झाला नाही. लेक माहेरी आली ती एकटी, आणि दर वेळी संध्याकाळच्या एसटीनं परत.

आता अधिक महिना लागला होता. जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, त्याचा मान करायचा. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. यंदा काही बिनसलं तर समेटाचा पुढचा मुहूर्त थेट तीन वर्षांनी, आणि मुदतवाढ देण्याची सोय पंचांगात नाही.

"अहो, चेष्टा केली असेल त्यांनी," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मे महिन्यात सोलापुरात हिटर कोण मागेल?"

"धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या तोंडून निघालं ते निघालं. चेष्टेत निघालं तरी."

"आणि उद्या चेष्टेत हत्ती मागितला तर?"

"हत्ती मागितलाय का? हिटरच मागितलाय. समजूतदार आहे पोरगा."

गाडी सिद्धलिंगप्पाकडे गेली. अक्कलकोट रस्त्यावर त्याचं गॅरेज. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर पांढऱ्याफटक उन्हाकडे बोट दाखवलं.

"साहेब, हे अख्खं सोलापूरच हिटर आहे की. त्याच्यात बसून परत हिटर?"

"जावयाची मागणी आहे."

"मग इलाज इल्ला," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "तुमच्या वडिलांनीच बंद करायला लावले होते. मीच पाइप काढून टाकलो होतो."

इंजिनातलं तापलेलं पाणी दोन पाइपांनी डॅशबोर्डखालच्या पेटीत खेळवायचं आणि पेटीमागं पंखा लावायचा, हिटर म्हणजे एवढंच. सिद्धलिंगप्पानं आयुष्यात बरेच हिटर काढले होते. बसवला मात्र एकही नव्हता. ही गोष्ट त्यानं सांगितली नाही आणि उदयसिंहांनी विचारली नाही. त्यानं पेटीतला वर्षानुवर्षांचा गंज ठोकून, पाण्याचा जोर मारून मोकळा केला, पाइप जोडले, पंखा सुरू केला. पेटीतून भट्टीसारखा झोत आला. बाहेर पारा चव्वेचाळीसवर असताना दोघंही त्या झोतापुढे हात धरून कौतुकानं उभे राहिले.

"गरम येतंय की!" सिद्धलिंगप्पा म्हणाला. त्यालाही ते अनपेक्षित असावं.

युवराज आणि वैष्णवी मोहोळला आत्याकडे येऊन थांबणार आणि तिथून त्यांना गाडीतून सोलापूरला आणायचं, असं ठरलं. उदयसिंह हिटर बंद ठेवून सकाळीच निघाले. मोहोळ जवळ आलं तशी डॅशबोर्डवरची तापमानाची सुई तांबड्या रेघेकडे सरकू लागली. गावाबाहेर एका बाभळीखाली गाडी घेऊन त्यांनी सिद्धलिंगप्पाला फोन लावला.

"साहेब, आता हिटर चालू करा. पंखा फुल सोडा. सुई काय म्हणते?"

उदयसिंह चेहऱ्यावर झोत घेत सुईकडे बघत राहिले. "उतरतेय. हळूहळू उतरतेय."

"मग बंद करू नका आता. त्याचं काय झालंय, हिटरमधला गाळ सुटून रेडिएटरमध्ये जाऊन बसलाय. रेडिएटर तुंबलं."

"अरे, मग पाणी थंड कशानं होणार?"

"हिटरनं की. आता हिटर हेच तुमचं रेडिएटर. तसंच घेऊन या. पंखा बंद केला की गाडी थांबली म्हणून समजा."

"सिद्धलिंगप्पा, आत जावई बसणार आहेत रे!"

"त्यांनीच मागितलंय म्हणालात की," सिद्धलिंगप्पा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

उदयसिंह हिशेब मांडू लागले. पंखा बंद केला तर गाडी हायवेवर बंद, जावई पुन्हा कुठल्यातरी टेम्पोत. पंखा चालू ठेवला तर जावई उकडून निघणार. त्यातल्या त्यात टेम्पोपेक्षा उकडणं बरं, असं त्यांनी ठरवलं. हिटर निदान आपण होऊन मागितलेला होता.

आत्याच्या दारात युवराज तयार उभा होता. अंगात काळा कोट.

"जावईबापू, एवढ्या उन्हात कोट?"

"मामींनी दिल्याला हाय. घालून या म्हणाल्यात फोनवर."

युवराज पुढं बसला, वैष्णवी मागं. गाडी सुरू झाली. काचा उघड्या ठेवाव्यात तर बाहेरून झळा येत होत्या, लावून घ्याव्यात तर आतली हवा आतच फिरत होती.

"मामा," शेवटी युवराज म्हणाला, "हे पायाजवळ गरम..."

"हिटर!" उदयसिंह घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही विचारलं होतंत ना? मुद्दाम करून घेतला. कसा वाटतोय?"

युवराजनं कपाळावरून हात फिरवला. तो हात त्यानं कुठं पुसावा याचा विचार केला, आणि शेवटी मांडीवरच ठेवला.

"भारी हाय."

"कमी वाटत असला तर सांगा हं," उदयसिंह बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"न्हाय न्हाय! बास हाय. लई हाय."

"पप्पा, माझ्या चपला खाली चिकटायला लागल्यात," मागून वैष्णवी म्हणाली.

"जुन्या गाडीत होतं तसं."

"अहो, तुम्ही तरी कोट काढा की."

"ऱ्हाऊ दे गं," युवराज म्हणाला. त्याची नजर डॅशबोर्डवरून हलत नव्हती. जावई आपल्याकडे बघायचंही टाळतोय, असा उदयसिंहांनी त्याचा अर्थ घेतला आणि त्यांच्या पाठीवरून घामाचा आणखी एक ओघळ गेला. तो उष्म्याचा नव्हता.

टोलनाक्यावर पावती द्यायला खिडकीत वाकलेला माणूस चटका बसल्यासारखा मागं सरला.

"आत काय पेटलंय का हो?"

"काही नाही. जावई आहेत," उदयसिंह म्हणाले.

त्या माणसानं युवराजकडे पाहिलं. त्याचीही कुठंतरी सासुरवाडी असणार. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली आत दिली.

लांबोटी मागं पडलं. धावत्या गाडीला वारा लागत होता तोवर सुई आवरती राहिली. पण बाळे गावाच्या अलीकडे रस्ता मेंढरांनी भरून गेला. पुढं मेंढरं, मागं ट्रक. गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी राहिली आणि सुई चढू लागली.

उदयसिंहांनी हळूच शेजारी पाहिलं. युवराजचा चेहरा बिटासारखा झाला होता, डोळे अर्धवट मिटले होते. त्यांच्या मनात आलं, पोराला भोवळबिवळ आली तर? मानपान करता करता आपण लेकीचा संसारच शिजवून ठेवतोय. बंद पडायची तर पडू दे गाडी. त्यांनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

घामानं निथळणाऱ्या एका हातानं त्यांचं मनगट पकडलं.

"मामा, त्याला हात लावायचा न्हाय."

"अहो, पण तुमची अवस्था..."

"माझी अवस्था ऱ्हाऊ द्या. सुई बघा. मोहोळपासनं मी तीच बघत बसलोय. चढाला वर जाती, पंखा हाय म्हणून खाली येती. ट्रॅक्टर चालवतो मी, मला कळत न्हाय व्हय? रेडिएटर गेलाय तुमचा."

उदयसिंहांच्या घशाला कोरड पडली. सगळ्या अंगात तेवढीच एक कोरडी जागा उरली होती. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आप्पानं बजावून पाठवलंय, गाडी वाटंत बंद पडली तर तितनंच मागं फिरायचं, उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. आन हिनं सांगितलंय, मागं फिरलात तर एकट्यानंच फिरा."

"सांगितलंयच," मागून आवाज आला.

"आणि ते हिटरचं विचारलंत ते?"

"चेष्टा केली ओ मामा! आता तुमी खरंच बसवाल, हे मला काय माहीत!"

हे म्हणत त्यानं दार उघडलं आणि कोटासकट तो मेंढरांत घुसला. हात पसरून, हाऱ्या-हुर्र्या करत त्यानं कळपातून वाट पाडायला सुरुवात केली. काठी टेकून उभा असलेला मेंढका त्याच्याकडे बघतच राहिला.

"पाव्हणं, जरा लांबनं. तुमच्या अंगातनं वाफा निघत्यात. मेंढरं बुजतील की."

मेंढरं खरोखरच बुजली. रस्ता मोकळा झाला. युवराज पळत येऊन गाडीत बसला, आणि तिथून शुक्रवार पेठेपर्यंत तो सुईचा आकडा मोठ्यानं सांगत राहिला आणि उदयसिंह त्या हिशेबानं गाडी हाकत राहिले.

दारात वैजयंतीबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडीतून उतरलेल्या नवऱ्याला आणि जावयाला बघून त्यांनी जावयाच्या पायावर घालायचं पाणी तसंच तांब्यात ठेवलं. आणखी ओलं करायला जागा नव्हती.

"अहो, विहिरीत पडला होतात का काय?"

तासाभरात काळा कोट अंगणातल्या तारेवर ठिबकत होता, आणि सासऱ्याचं बनियन आणि लुंगी लावून युवराज पाटावर बसला होता. धोंडे तुपात बुडवून खात होता. दुसऱ्याची लुंगी नेसलेल्या माणसाशी औपचारिक बोलणं अवघड असतं, त्यामुळं वर्षभराचा संकोच फारसा उरला नव्हता. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. युवराजचे हात तुपाचे, म्हणून वैष्णवीनं स्पीकर लावला.

"कुटं बंद पडली?" आप्पांनी सुरुवातच तिथनं केली.

"कुटंच न्हाय."

"ढकलायला लागली का?"

"एकदा बी न्हाय, आप्पा. लई झ्याक आणलं मामांनी. हिटरसुदीक चालू हाय."

वैजयंतीबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"मग मी वरीसभर उगंच तोंड फिरवून बसलो म्हण की," आप्पा म्हणाले. आवाजात थोडी खंत होती. जपून ठेवलेला रुसवा असा हातातून जाताना माणसाला होतेच. मग ते खाकरले. "इवायास्नी सांग, उद्या आमी दोघं येतो. मोहोळला गाडी घेऊन या म्हणावं. आन ते हिटर चालूच ठेवा. बघू तरी दे मला."

"या की! आनंदानं या!" उदयसिंह फोनला हात जोडून म्हणाले. वैजयंतीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच पुरणाची आणखी डाळ घेतली.

फोन बंद झाल्यावर सासऱ्यानं आणि जावयानं एकमेकांकडे पाहिलं. उदयसिंहांनी अंगणात जाऊन सिद्धलिंगप्पाला फोन लावला. रेडिएटर आजच्या आज साफ करता येईल का?

"होतंय की साहेब. एका तासात करतो," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "पण तो गाळ परत हिटरमध्येच जाणार बघा. मग हिटर चालणार नाही. दोन्हीतलं काय पाहिजे ते एक सांगा."

उदयसिंह बराच वेळ गाडीच्या रागीट तोंडाकडे बघत उभे राहिले.

"हिटरच राहू दे," ते म्हणाले.

आतून युवराजचा आवाज आला. "मामी, आप्पासाठी बी एक बनियन काढून ठेवा. जरा ढगळ बघा."